आबांची राहिलेली कुस्ती

आबांना जाऊन महिना होत आला. भेटायला येणारी माणसं अजून ओट्यावर टेकतात आणि हळूच विचारतात, "शेवटाला काय बोललं का?" बोलले. पण ते का बोलले हे कळायला आमच्या घरात कित्येक वर्षं चाललेली एक कुस्ती ठाऊक हवी. ती बघायला गावातलं कुणी नव्हतं. पंच मी, आणि प्रेक्षकही मीच.

आबा माझे सासरे. गावच्या तालमीचे वस्ताद. संस्थानाच्या काळात औंधच्या आखाड्यात जिंकून त्यांनी फेटा बांधून घेतला होता, आणि तो बैठकीच्या खोलीत खुंटीला असायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचे हे, मात्र फौजेत गेले, तिथे बॉक्सिंग शिकले आणि पलटणीचे चॅम्पियन झाले. मी माधवनगरच्या गिरणीकामगाराची लेक. मला कुस्तीतला पट कळत नव्हता आणि बॉक्सिंगमधला ठोसाही नाही.

आमचं लग्न बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षीचं. त्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीत ह्यांनी नको ते केलं. तालमीतल्या पोरांनी आग्रह धरला म्हणून बॉक्सिंगचे चामडी हातमोजे चढवून हे थेट तालमीच्या लाल मातीत उतरले. तिथे चामडं जात नाही. कमरेचा पट्टासुद्धा दाराबाहेर काढून ठेवायचा, अशी रीत. तालमीत वाढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही, कौतुकाच्या भरात भान सुटलं एवढंच.  आबांनी आखाडा स्वतः खणून काढला, ताक, तेल, हळद घालून माती नव्याने मळली, आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलणं टाकलं. हातमोजे गोठ्यात गेले. मला दोघांचाही राग यायचा. एवढाली धिप्पाड माणसं, आणि एका ताटाच्या अंतरावर मुक्यासारखी जेवायची...

पुढच्या सुट्टीत ते मुकेपण सोसेना. भाकरी थापता थापता मी मुद्दामच काढलं, "आवं मामंजी, तुम्ही पंचविशीचे असता आणि हेही पंचविशीचे, तर कोण जिंकलं असतं?"

आबांचा घास थांबला. "ह्यात इचारायचं काय? पाय धरून पट काढला की उताणाच."

"सांग आबास्नी," हे ताटात बघत म्हणाले, "पटाला वाकतील तवाच हनुवटीवर बसंल."

"त्येला म्हनावं, आमी हनुवटी छातीत रुतवून लढतो!"

मी तव्यावरची भाकरी विसरले. ती करपली, पण घरात आवाज झाला होता. पुढे हे फौजेतून सुटून आले आणि दिवेलागणीला रोज ही कुस्ती रंगू लागली. दोघांचं वय त्यात कायम पंचवीस. आबांचे गुडघे दुखत नसत, ह्यांचं पोट सुटलेलं नसे. मी मध्येच "बरोबरीत सोडवते" म्हटलं की आबा उखडायचे. "बरोबरी न्हाई. कुस्ती निकाली व्हाया पायजे." पण निकाल लागणार कसा? हात मिळवायच्या सलामीलाच घोडं अडायचं. "हातमोजं काढल्याबिगर मातीत पाय न्हाई," हे आबांचं ठरलेलं. "मोजं न्हाईत तर मग ती माजी लढत कशी?" हे ह्यांचं. आणि हे सगळं माझ्या तोंडून! एकमेकांना सरळ शब्द एकही नाही. मी किती वेळा वैतागून म्हटलं असेल, की बाबांनो, तुम्ही समोरासमोर बसलाय.

यंदाच्या थंडीत आबांनी खाट धरली. आवाज खोल गेला. एका संध्याकाळी हे पायथ्याशी बसले होते. आबांचं चित्त जरा रमावं म्हणून मी विचारलं, "मामंजी, कुठवर आली होती कुस्ती?"

आबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मुलाकडे बघून म्हणाले, "जा. मोजं घिऊन ये."

हे उठले ते धडपडतच. गोठ्यातून आणलेले हातमोजे धोतराच्या सोग्याने पुसले, हातात चढवले आणि नाड्या लोंबत्या ठेवून तसेच उभे राहिले.

"बांद की."

"एकट्याला बांदता येत न्हाई, आबा. दुसरं मानूस लागतं."

"मग तिकडं पल्टनीत कोन बांदायचं?"

"उस्ताद बांदायचं."

आबा कोपरावर रेटून उठू लागले. मग म्हणाले, "आन हिकडं."

मी पाठीला उशी दिली. जन्मभर चामड्याला मातीच्या जवळ येऊ न दिलेल्या त्या बोटांनी आबांनी एकेक नाडी ओढून बांधली. नाडी नीट आवळत नव्हती. गाठ मात्र लंगोटाची, पैलवान बांधतो ती. दोन्ही हात बांधून झाले तशी त्यांनी आपला हात पुढे केला, आणि ह्यांनी मोज्यातला हात त्यावर ठेवला. सलामी झाली. "आता उद्या," आबा म्हणाले आणि आडवे झाले. मी सरळ पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पहाटे आबा गेले.

परवा शेजारच्या एकाने विचारलंच, खरोखर लागली असती तर कोण जिंकलं असतं? हे लगेच म्हणाले, "आबा. मी मोजं काढून गेलो असतो." हे बोलताना ते खुंटीकडे बघत होते. तिथे आता फेट्याशेजारी हातमोजे आहेत. त्या दिवशी ह्यांनी हात तसेच ओढून बाहेर काढले होते, गाठी ढिल्या होत्या म्हणून निघाले. खोली झाडताना मी ते जपून उचलते, कारण त्या गाठी आम्ही अजून सोडलेल्या नाहीत.