रुळांच्या अलीकडचा मतदार

सकाळचा चहा झाला की लिफ्टवाले चौथ्या मजल्यावरून खाली उतरत, गुडघ्यांची एकेका पायरीला समजूत घालत, आणि रेल्वेच्या तारेच्या कुंपणापाशी येऊन उभे राहत. रुळांच्या पलीकडे, अगदी समोर, शुश्रूषा केंद्राची पिवळी इमारत. तिच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, चाकाच्या खुर्चीत, त्यांची बायको. हात वर केला तर हात दिसे, चेहरा काही कळत नसे. मग लिफ्टवाले फोन लावत.

"अहो, आजही तोच शर्ट?"

"तुला इतक्या लांबून शर्ट दिसतो?"

"शर्ट नाही, तुम्ही दिसता. शर्टाचा अंदाज बांधते."

"काल जेवण बरं होतं का?"

"मऊ होतं. इथे सगळंच मऊ. बोलणंसुद्धा मऊ. 'आज्जी, छान झोप लागली ना आपल्याला?' आपल्याला म्हणे! मला कुणाशी तरी कडकडून भांडायचंय हो, नाहीतर माझं... थांबा, मालगाडी."

मालगाडी दोघांच्या मधून जायची. दोघंही फोन कानाला लावून गप्प. शेवटचा डबा सरकला की बाई वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचलत, "...माझं डोकं पिकेल. तर शर्ट बदला."

रुळांवरून जायला लोखंडी पादचारी पूल होता. म्हणजे अजूनही होता, पण दोन्ही तोंडांना पत्रे ठोकून बंद. 'दुरुस्तीसाठी तात्पुरता बंद' ही पाटी लावून इतके दिवस झाले होते की पाटीच आता दुरुस्तीला आली होती. वळसा घालून जायचं तर दोन बस आणि मधली मोठी चाल. लिफ्टवाल्यांचे गुडघे ते फक्त रविवारी मान्य करत, आणि सोमवारी त्याचा सूड उगवत.

लिफ्टवाले नावाचेच नव्हे, कामाचेही लिफ्टवाले. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. दवाखान्यांच्या, बँकांच्या, हॉटेलांच्या. राहायला मात्र जुन्या बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. बायको दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि हाड जुळलं तरी पायऱ्या चढायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. "अख्ख्या गावाला वर नेलंत," बाई म्हणाल्या होत्या, "आणि मला खाली ठेवलंत." हसत म्हणाल्या होत्या, लिफ्टवाले हसले नव्हते.

पुलाजवळच, लिफ्ट असलेल्या शुश्रूषा केंद्रात बायकोची सोय झाली, रोज दोन्ही वेळा जाऊन बसू, असा त्यांचा हिशोब. बायको तिकडे राहायला गेली आणि पंधरवड्यात पुलाला पत्रे लागले. तरी त्यांनी घर हलवलं नाही. बंद पडलेली वस्तू सुरू होते, हा त्यांचा जन्मभराचा अनुभव. नुसतं कुणीतरी वर चढून बघायला हवं.

घरात बोलायला कोणी नाही. सुरुवातीला रेडिओ लावून ठेवत. पुढे त्यांना एक सवय लागली. स्वयंपाकघरातून बाहेर पडताना ते बायकोच्या आवाजात, तिच्यासारखंच नाक वर ओढून म्हणत, "अहो, गॅस." आणि स्वतःच्या आवाजात उत्तर देत, "केला बंद." नक्कल इतकी हुबेहूब जमायला लागली की एकदा त्यांनी खरोखरच मागे वळून बघितलं.

अशात एका संध्याकाळी बातमी आली. त्यांच्या भागाच्या खासदाराने संसदेत स्वतःच्याच पक्षाविरुद्ध मत दिलं आणि पक्षाने त्याला हाकलून दिलं. व्हिप काढलेला नव्हता, म्हणून खासदारकी तेवढी वाचली.

लिफ्टवाल्यांच्या मनाला ते लागलं. ते त्या पक्षाचे जुने माणूस. तरुणपणी पोस्टर चिकटवली, सभेचे माईक जोडले. पक्ष सोडून दुसरीकडे शिक्का मारायचा विचारही कधी शिवला नाही. आठ-दहा दिवस मनात घोळवून ते पक्षाच्या ऑफिसात गेले. तिथल्या अध्यक्षांना दर वाक्याला 'काय म्हणतो मी' लावायची खोड होती.

"गद्दार निघाला!" अध्यक्ष टेबलावर थाप मारत म्हणाले. "आता तो कुणाचा खासदार? काय म्हणतो मी, मतं चिन्हाला पडली का त्याला?"

"चिन्हाला," लिफ्टवाले म्हणाले. "मी तरी चिन्हालाच दिलं."

"मग जा आणि तोंडावर सांगा. राजीनामा मागा. जुन्या माणसांनी मागितला तर, काय म्हणतो मी, वजन पडतं."

"आणि तो पूल?"

"पूल होणार! पुढच्या महिन्यात. काय म्हणतो मी, पूल कुठे पळून जातोय?"

हे 'पुढच्या महिन्यात' लिफ्टवाल्यांनी इतक्या महिन्यांत ऐकलं होतं की अध्यक्षांच्या आधी तेच पुटपुटले.

दुपारी ते खासदारांच्या ऑफिसात पोहोचले. एरवी तिथे जिन्यापर्यंत रांग असायची. आज जिन्यात एक मांजर. आत खुर्च्या पक्षाच्या होत्या म्हणून पक्षाची माणसं घेऊन गेली होती. खासदारांनी घरच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या आणून मांडल्या होत्या, फुलाफुलांच्या गाद्यांसकट. सेक्रेटरीही पक्षाचाच, तोही गेला होता. फोन वाजला. खासदारांनी रिसीव्हर उचलला, घसा बारीक केला आणि म्हणाले, "खासदार कार्यालय. साहेब मीटिंगमध्ये आहेत, आपण?" पलीकडचं ऐकलं. "राँग नंबर? असू दे, असू दे."

फोन ठेवल्यावर दारात उभे असलेले लिफ्टवाले दिसले. दोघंही ओशाळले.

"राजीनामा मागायला आलोय," लिफ्टवाल्यांनी उरकून टाकलं.

"बसा. राजीनामावाले सकाळी येतात, तुम्हाला उशीर झाला." खासदारांनी फुलांची गादी झटकली. "म्हणजे असं बघा, कारण काय?"

"मी मत चिन्हाला दिलं होतं. तुम्हाला नाही. तुमचा फोटोसुद्धा मी नीट बघितला नव्हता."

"म्हणजे असं बघा," खासदार म्हणाले, "ज्यांनी माझ्या विरुद्ध मत दिलं, त्यांचाही मी खासदार झालोच ना? त्यांच्या तक्रारी घेतल्याच ना? मग तुम्ही तर निदान माझ्या बाजूचं बटण दाबलंत, चुकून का होईना."

"कायद्याचं नाही विचारत. पक्षाशिवाय तुमचं ऐकतं कोण?"

खासदारांनी टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाले, "कोणी नाही. ते खरं आहे. सभागृहात आसन आहे, पार मागच्या कोपऱ्यात. शेजारी कोणी बसत नाही. बोलायचा वेळ पक्षांना वाटून देतात. मी एकटाच, म्हणून माझा नंबर अगदी शेवटी. दोन मिनिटं, तीही लोक उठून गेल्यावर."

"मग सोडा की."

"सोडतो. मग पोटनिवडणूक होईपर्यंत या भागाचं म्हणून तिथे कोणीच नाही. चालेल?"

"चालेल," म्हणून लिफ्टवाले उठले. दारापर्यंत गेले. चपलेत पाय घातला. आणि तसेच, एक पाय चपलेत नि एक बाहेर, मागे न वळता म्हणाले, "पण मग पुलाचं कोण विचारणार?"

"कुठला पूल?"

लिफ्टवाले गर्रकन वळले. "कुठला पूल! तीनदा आलोय मी इथे. तुमचा सेक्रेटरी दर वेळी म्हणायचा, साहेबांच्या कानावर घातलंय."

"माझ्या कानावर काही नाही," खासदार म्हणाले. "तेव्हा मला वेळ नसायचा. बसा. आता बक्कळ आहे."

मग लिफ्टवाल्यांनी सगळं सांगितलं. गॅलरी, मालगाडी, गुडघे. रूळ म्हणजे मतदारसंघाची हद्द. पलीकडे दुसरे खासदार. पूल दोघांच्या मधोमध, म्हणून दोघांपैकी कोणाचाच नाही. खासदारांनी तिथल्या तिथे रेल्वेच्या साहेबाला फोन लावला. साहेबाचा आवाज रिसीव्हरमधून बाहेर सांडत होता: "कोण बोलतंय? अच्छा, अच्छा. नमस्कार. सर, पण आपण आता... म्हणजे राग मानू नका... अजून आहात का?"

"आहे," खासदार म्हणाले.

"तसं नाही, लेखी आलं तर बघू."

फोन ठेवून खासदारांनी बोटं मोडली. "येत्या आठवड्यात मला दोन मिनिटं मिळतील. त्यात मी स्वतःचं बोलणार होतो. मत असं का दिलं ते. अजून मला कोणी विचारलंच नाही." त्यांनी लिफ्टवाल्यांकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.

विचारावं असं लिफ्टवाल्यांना क्षणभर वाटलं. पण जन्मभराचा पक्ष आडवा आला. "मला ते ऐकायचं नाही," ते म्हणाले.

"बरं. मग पुलाचंच विचारतो."

पुढच्या आठवड्यात, ती दोन मिनिटं मिळायची होती त्या संध्याकाळी, लिफ्टवाले टीव्हीसमोर बसले. पलीकडे केंद्राच्या हॉलमध्ये बाईही बसल्या होत्या. मध्ये फोन चालू.

"अहो, हेच का आपले खासदार? बारीक झालेत."

"आपले कुठले, काढून टाकलंय त्यांना."

"श्श, बोलतायत."

सभागृहात रिकाम्या बाकांच्या रांगाच रांगा होत्या. अध्यक्षपदावरच्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. कोपऱ्यातून खासदार उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या भागातल्या एका गृहस्थांना त्यांची पत्नी रोज दिसते, पण भेटत नाही. मध्ये एक बंद पूल आहे. तो कधी उघडणार, एवढंच सांगा. बस. स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

"गृहस्थ म्हणाले तुम्हाला," बाई फोनवर कुजबुजल्या. "त्यांनी शर्ट बघितला नसेल."

मंत्री अर्धवट उठले. समोरचा कागद वाचला. सदर पूल धोकादायक असल्याने पाडण्याचा निर्णय मागील वर्षीच झालेला आहे. नवीन पुलाचा प्रस्ताव नाही. बसले.

फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही. मालगाडीही नव्हती.

"मागील वर्षीच," शेवटी लिफ्टवाले म्हणाले.

"ऐकलं मी."

"वर चढून कोणी बघितलं असतं तर..."

"अहो, तुम्ही बंद पडलंय समजून बसलात. ते मेलंय." बाईंचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. "आता इकडे या. इथे तळमजल्यावर खोल्या मिळतात. मला पायऱ्या नकोत, तुम्हाला झेपत नाहीत. कशाला थांबलाय तिथे?"

दुसऱ्या दिवशी रस्त्यात पक्षाचे अध्यक्ष भेटले. "बघितलंत? पूल घालवला त्याने! काय म्हणतो मी, विचारायचंच कशाला?"

"पाडणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"असायला काय झालं? पण आम्ही विचारलं नाही, म्हणून त्यांनी नाही म्हटलं नाही. काय म्हणतो मी, आशा तरी होती ना?"

लिफ्टवाल्यांनी पहिल्यांदाच त्यांचं पुढचं वाक्य सुरू होण्याआधी पाठ फिरवली.

दोघांपुरती खोली मिळाली. शुश्रूषा केंद्राच्या मागच्या गल्लीत, दाराशी एकही पायरी नसलेली. सामान टेम्पोत चढवून झाल्यावर लिफ्टवाले खासदारांच्या ऑफिसात गेले. जेवणाच्या खुर्च्या आता दोनच राहिल्या होत्या. बाकीच्या बहुधा घरी परत गेल्या असाव्यात.

"पलीकडे चाललो," ते म्हणाले. "राहायलाच."

"छान झालं." खासदार मनापासून म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे असं बघा, आता तुमचे खासदार पलीकडचे."

"हो."

"नाव नोंदवून घ्या तिकडे. आणि सकाळी लवकर जा, त्यांच्याकडे फार गर्दी असते."

लिफ्टवाल्यांना वाटलं, आभार मानावेत. पण काय म्हणून मानायचे? पूल झाला नाही. पाडणार हे कळलं, त्याचे? तेवढ्यात फोन वाजला. दोघांनी एकदमच त्याकडे बघितलं. दोनदा वाजून तो थांबला.

"चहा घेता?" खासदारांनी विचारलं.

"टेम्पोवाला खोळंबलाय."

खासदार त्यांच्याबरोबर जिना उतरले, रस्त्यापर्यंत आले. टेम्पोत गादीच्या वळकटीवर रेडिओ ठेवलेला होता, तो त्यांनी पडेल म्हणून नीट आडवा केला. लिफ्टवाले ड्रायव्हरशेजारी चढून बसले. खासदार खिडकीपाशी उभेच.

"तो पूल पाडायला घेतील ना," ते म्हणाले, "तेव्हा त्या बाजूला आवाज आला की मला कळवा. मी येईन."

"येऊन काय करणार?"

"काही नाही. बघेन." खासदारांनी टेम्पोच्या दारावरचा हात काढून घेतला. "अर्धा तरी माझ्या हद्दीत आहे."