नत्थूजीचा मैल

आमचा दूधवाला नत्थूजी पळत यायचा. पळत म्हणजे लगबगीनं नव्हे, खरोखर पळत. तेलंगखेडीच्या पलीकडून नागपुरातल्या आमच्या धंतोलीपर्यंत, खांद्यावर कावड, कावडीच्या दोन्ही टोकांना पितळी चरव्या, आणि फाटकाशी थांबला की धापसुद्धा नाही. मला चौकशा करायची जुनी खोड. सासूबाई म्हणायच्या, शेजारच्या घरची डाळ शिजली की नाही हे यमूला आधी कळायला हवं. तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्याला विचारलं, "नत्थूजी, पळता कशाला?"

"चालत आलो तं उन्हानं दूध नासते, बाई," तो म्हणाला. "आन् पाय तं फुकटचेच हायेत."

आमचे हे सेक्रेटरिएटात कारकून, आणि प्रांताच्या क्रीडा समितीत घड्याळ धरणारे. स्टॉपवॉच हातात आलं की ह्यांच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य येई ते आमच्या लग्नातही आलं नव्हतं. एका सकाळी हे सायकलवरून नत्थूजीच्या मागे लागले आणि फाटकाशी दुसरे पोचले. त्या दिवसापासून ह्यांनी ध्यास घेतला, या माणसाला एक मैलाच्या शर्यतीत उतरवायचं. लाहोरला मोठे सामने होते. प्रांतातर्फे त्या शर्यतीसाठी एकच गडी जाणार होता, आणि ती जागा पोलिसातल्या चंद्रभानची, असं सगळे धरूनच चालले होते.

नत्थूजी लगेच हो म्हणाला नाही. "भैयाजीले इचारतो," म्हणाला.

भैयाजी हे महाल भागातल्या एका आखाड्याचे वस्ताद. नत्थूजी मिसरूड फुटायच्या आधीपासून तिथं दंडबैठका मारत आलेला. कुस्तीत त्याला फारशी गती नव्हती, पण वस्तादांचा शब्द त्याला देवाचा. या भैयाजींची एक गोळी प्रसिद्ध होती. गुळात काहीतरी मळलेलं, पळसाच्या पानात बांधलेलं, मारुतीपुढं ठेवून मग पठ्ठ्याच्या हाती दिलेलं. सामन्याच्या तोंडावर ती खायची. आत काय आहे विचारायचं नाही, पुडी सोडून बघायचं नाही, आणि बाईमाणसाचा हात तिला लागता कामा नये. लागला तर तो पठ्ठा आखाड्यातून बाद. हे सगळं मला नत्थूजीनंच सांगितलं होतं, फाटकाशी दूध मापताना.

आधी कन्हानच्या जत्रेत एक शर्यत झाली. तिथं नत्थूजी गोळी खाऊन धावला आणि जिंकला. मग महिन्याभरानं कस्तुरचंद पार्कवर लाहोरसाठीची निवड ठेवली.

ती शर्यत मी पाहिली. बायकांसाठी कडेला कनात लावली होती. कनातीला एक फट होती, ती मी बोटानं मोठी केली. बाकीचे गडी बूट घातलेले, नत्थूजी अनवाणी, धोतर वर खोचलेलं. उभं राहण्यापूर्वी त्यानं कमरेची पुडी काढली, डोळे मिटले आणि गोळी तोंडात टाकली. सगळ्या मैदानासमोर, लपवाछपवी काही नाही. चंद्रभान बराच वेळ पुढं होता, उंच माणूस, सुरेख धावायचा. शेवटच्या फेरीत मात्र नत्थूजी असा सुटला की बाकीचे उभेच आहेत असं वाटावं. ह्यांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग चालतंय की नाही म्हणून कानाला लावलं.

कौतुक संध्याकाळपर्यंत टिकलं. दुसऱ्या दिवशी गावभर बोलणं निघालं ते गोळीचं. समितीतले डॉक्टर म्हणाले, कुचला असणार. बेतानं घेतला तर अंगात वारं भरतं, जास्त झाला तर माणूस ताठ होऊन मरतो, घोड्यांनाही देतात म्हणे. कोणी म्हणालं अफू, कोणी म्हणालं भांग. भांग खाऊन माणूस मैलभर धावेल की मैलभर हसेल, असं मी म्हटलं, पण मला समितीत कोण घेतो. इतवारीच्या बाजारात तर लोक म्हणत, दूधवालाच तो, भेसळ असायचीच. याचा मला भारी राग आला. त्याच्या दुधात मला कधी पाणी सापडलं नव्हतं, आणि मी शोधण्यात कसर ठेवली नव्हती.

समितीनं भैयाजींना बोलावलं. ते आले, बसले नाहीत. "माह्या गुरूनं मले सांगतलं, ते मी कोनाले सांगत नाही," एवढं बोलून निघून गेले. अशा गोळीविरुद्ध समितीकडे नियमही नव्हता. निकाल आहे तसा ठेवावा, चार दिवसांत बोभाटा विरेल, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात बाहेर बसवून ठेवलेला नत्थूजी आत आला.

"साहेब, मले अजून एकडाव धावू द्या. गोळी न खाता."

"कशाला?" ह्यांनी विचारलं. "लाहोरला तुम्हीच जाणार, ठरल्यात जमा आहे."

"लोकाईचं जाऊ द्या जी. मलेच पायचं हाये. मी धावून राहिलो का गोळी धावून राहिली?"

घरी आल्यावर हे ताटावर बसले आणि ते वाक्य भाताशी घोळवत राहिले. दुसऱ्याबद्दल असे प्रश्न मी दिवसातून पन्नास विचारते. स्वतःबद्दल, आणि तेही हातातलं लाहोर पणाला लावून, विचारायचा धीर मला झाला नसता. तेव्हापासून नत्थूजी मला नुसता आवडत राहिला नाही, त्याच्याबद्दल आदर वाटायला लागला.

पुढच्या रविवारी पुन्हा शर्यत झाली. नत्थूजीनं आपणहून हात वर करून झडती दिली. सुरुवात चांगली केली, चंद्रभानच्या खांद्याशी खांदा लावून होता. शेवटच्या फेरीच्या तोंडाशी त्याचा हात कमरेकडे गेला, पुडी खोचायचा तिथं. तिथं काही नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्यानंतर त्याचे पाय पहिल्यासारखे उचलले गेले नाहीत. चंद्रभान थोडक्यानं जिंकला. माणूस भला, त्यानं आधी नत्थूजीला मिठी मारली आणि मग हार घालून घेतला.

सोमवारी नत्थूजी आला तो चालत. दूध उशिरा आलं. त्यानंतर तो कधी पळालाच नाही. उन्हाळ्यात दूध नासायचं, मी नासलेल्या दुधाच्या वड्या करायची आणि हे त्या मुकाट्यानं खायचे. गिऱ्हाइकं तुटली. रस्त्यावरची पोट्टी त्याला पाहून "गोळी, गोळी" ओरडायची. मी एकदा एकाचा कान धरला, पण सगळ्या नागपूरचे कान धरायला हात कुठून आणू? नत्थूजी रागवायचा नाही. कधीमधी चरवी खाली ठेवून एवढंच म्हणायचा, "काय असन बाई त्या गोळीत?" लढाईच्या दिवसांत भैयाजी वारले, आखाडाही बंद पडला. गोळीचं गुपित त्यांच्याबरोबरच गेलं, असं मीही धरून चालले.

लढाई संपल्यावरच्या वर्षी नत्थूजीचा गुडघा सुजला आणि दूध घेऊन त्याची बायको कौशल्या यायला लागली. कमी बोलणारी, मापाला चोख. इतकी वर्षं सगळ्यांनी नत्थूजीला विचारलं, भैयाजींना विचारलं, डॉक्टरांनी एकमेकांना विचारलं. तिला कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी स्वतःला चौकस म्हणवते.

"कौशल्या," मी म्हटलं, "तुला तरी ठाऊक आहे का गं, त्या गोळीत काय होतं?"

तिनं मापटं खाली ठेवलं. "भैयाजीच्या गोळीत काय होतं ते मले नाही मालूम, बाई. पन पार्कात खाल्ली त्या गोळीत काय होतं, ते मालूम हाये."

"काय?"

"गूळ आन् मेथी."

मी तिला आत बोलावलं, पाट दिला. ती पाटावर न बसता उंबऱ्याशी बसली आणि खाली बघून बोलायला लागली. कन्हानहून जिंकून घरी आल्यावर नत्थूजीचं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. दातखीळ बसली. साधी वाटी पडली तरी तो अंगभर दचके. ही घाबरून उशाशी बसून राहिली. सकाळी त्याला बरं वाटलं, म्हणाला, थकलो होतो. पार्कातल्या शर्यतीसाठी दुसरी गोळी घरात आली तेव्हा तो म्हशींना पाणी पाजायला गेला होता. हिनं पान सोडलं, गोळी उकिरड्यावर फेकली, मेथी कुटून गुळात मळली आणि त्याच पानात बांधून ठेवली. "कडू लागाले पायजे होती ना," म्हणाली.

"अगं, मग समितीपुढं हे सांगायचंस की!"

"कसं सांगू जी? बाईचा हात लागला हे कळलं असतं तं भैयाजीनं त्याईले आखाड्यातून काढलं असतं. मंग ते जितेच राह्यले नसते. आन् मले वाटलं, मेथीवर जिंकले तं मेथीबिगर काहून नाही जिंकतीन? गोळीत काही नव्हतं, हे मले मालूम होतं. त्याईले नव्हतं मालूम."

"आणि हरल्यावर?"

"हारल्यावर कोन मानलं असतं? म्हनले असते, बायको नवऱ्याची बाजू सावरून राहिली."

मला तिचा राग आला, आणि तिचा हात धरावासाही वाटला. कोणतं आधी करावं कळेना, म्हणून मी पायात चपला घातल्या. म्हटलं, चल, आता भैयाजी नाहीत, आखाडाही नाही. आज सांगायचं. टांग्यात ती सबंध रस्ताभर चरवी मांडीवर घट्ट धरून बसली होती.

नत्थूजी ओसरीत बाजेवर होता, गुडघ्याला एरंडाची पानं बांधलेली. कौशल्या खांबाला टेकून उभी राहिली आणि मला सांगितलं तेच, त्याच शब्दांत, गोठ्याकडे बघत तिनं सांगितलं. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. त्यानं गुडघ्यावरचं पान सारखं केलं.

"मेथी भाजली होती का कच्ची?"

"भाजली होती."

"तरीच. मले वाटलं, गूळ नवा असन." मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं. "आन् भैयाजीची गोळी? मारोतीपुढची गोळी तुनं उकिरड्यावर टाकली?" आता मात्र आवाज चढला होता.

"टाकली," कौशल्या म्हणाली. "सकाळी तिथं घूस मरून पडली होती. पाय तानून. लाकडावानी."

नत्थूजीनं तिच्याकडे पाहिलं. पार्कातल्या त्या सकाळी आपण काय खाणार होतो, हे त्याला तेव्हा कळलं असावं. म्हैस दाव्याला हिसके देत होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे तो मैल माह्याच होता," तो हळूच म्हणाला. भिंतीला टेकवलेल्या कावडीकडे त्याची नजर गेली. "आन् मी दहा साल चालत गेलो."

कौशल्यानं पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं कोंडलेलं रडू होतं ते, आवाज न करता बराच वेळ चाललं. नत्थूजीनं तिला रडू दिलं. मग बाजेवर थोडा सरकला, आणि ती कडेला बसली.

"मंग दुसरा मैल कोनाचा होता वं?" त्यानं विचारलं. "हारलो तो?"

कमरेकडे गेलेला तो हात मला आठवत होता. मला बोलता आलं असतं. पण प्रश्न मला नव्हता, तेव्हा मी आयुष्यात एकदाची गप्प बसले.

"तोबी तुमचाच," कौशल्या म्हणाली.

"हो," नत्थूजी म्हणाला.