पायपेटीवरचा सोनाटा

झाडीपट्टीतल्या नाटकाच्या पोस्टरवर सगळ्यात मोठं नाव नायिकेचं असतं. त्याखाली खलनायक, मग विनोदी नट, आणि अगदी तळाला, छापखान्याच्या नावाला खेटून, 'ऑर्गन : परसराम गणवीर'. अड्याळच्या परसरामनं त्या तळाच्या ओळीत एकतीस वर्षं काढली. दिवाळी झाली की नाटक मंडळीबरोबर गावोगाव हिंडायचं, होळीला घरी यायचं आणि पावसाळ्यात लोकांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला लागायचं, असं त्याचं वर्ष असे. नाव तळाला असल्याबद्दल त्याची कुरकूर नव्हती. नट वाक्य विसरला, पडदा अडकला, नायिकेचा पदर खिळ्यात गुंतला, की त्याची बोटं आपसूक चालू होत. रंगमंच क्षणभरही मुका राहू द्यायचा नाही, हेच त्याचं काम. त्या भरीच्या सुरांनी त्यानं कित्येकांची अब्रू वाचवली आणि त्यांतल्या एकानंही त्याला कधी चहा पाजला नाही.

पुढे मंडळ्यांनी कीबोर्ड घेतले आणि परसराम आपल्या पायपेटीसकट, म्हणजे त्या ऑर्गनसकट, घरी आला. पायपेटीचा भाता दोन्ही पायांनी हलवायचा आणि दोन्ही हातांनी ती वाजवायची. पाय चालू आहेत तोवर सूर जिवंत, पाय थांबले की संपलं. घरात बायको पंचफुला होती आणि नागपूरला नर्स असलेल्या मुलीनं, दीपमालानं, दिलेला फोन होता. एका दुपारी नाट्यगीतं ऐकता ऐकता त्या फोननं स्वतःच्या मनानं पुढचं काहीतरी लावलं. पियानो होता. एकटाच, ना तबला ना गाणारा.

सुट्टीत घरी आलेल्या दीपमालानं फोनवर त्याखालची माहिती वाचून सांगितली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा कोणी युरोपातला माणूस, त्यानं लिहिलेला हा सोनाटा. त्या काळात असे ढीगभर लिहिले गेले, दोन-चार नावं मोठी झाली आणि बाकीचे कपाटात गेले. हा त्या कपाटातला. जगभरात तो दोनशे बारा लोकांनी ऐकला होता. त्या माणसाचं नाव तिनं तीनदा वाचून दाखवलं, पण ते परसरामच्या जिभेवर बसेना, म्हणून तो त्याला 'आपला बुवा' म्हणू लागला. सोनाटा म्हणजे काय, हे मात्र त्याला झटकन समजलं: तीन अंकांचं नाटक, फक्त बोलणारं कोणी नाही.

दुसरा अंक संथ होता, तो त्यानं उचलला. कानानं, फोन पेटीवर ठेवून, डोळे मिटून. पायपेटीला सूर कमी पडत, तेव्हा खालचे वर घेई. चार वर्षं लागली. पंचफुला भाजी निवडत ऐकायची.

"चांगलं हाय जी," एकदा ती म्हणाली, "पन गानं कवा सुरू होते?"

नाटकात चुकलं तर लोक ओरडत, जमलं तर पुन्हा मागत. इथं त्याला चूक-बरोबर सांगणारं माणूसच पंचक्रोशीत नव्हतं. आपण वाजवतो तो खरंच बुवाचा सोनाटा आहे, की आपणच रचलेलं काहीतरी, हे मरायच्या आधी एकदा कळावं, एवढंच त्याला हवं होतं. तो हे दीपमालाला बोलला आणि बोलल्यावर लाजला.

दीपमालाच्या मैत्रिणीची बहीण रुचिता नवऱ्याच्या बदलीमुळे कारध्याला राहायला आली होती. तिच्याकडे खरा पियानो होता, त्यावर ती मुलांना शिकवायची. या बुवाचं नाव तिनंही कधी ऐकलं नव्हतं, पण तिनं इंटरनेटवरून त्याचे छापील स्वर काढून ठेवले. एका रविवारी सकाळी परसराम आणि पंचफुला धुतलेल्या कपड्यांत एसटीतून कारध्याला उतरले.

सुरुवातच फजितीची झाली. पियानोच्या खालीही पायांसाठी दांड्या असतात. परसरामचे पाय सवयीनं भाता हाणायला लागले आणि सूर कधी एकमेकांत कालवले जात, कधी तुटत. त्यानं पाय आवरले, पण चार ओळींत ते पुन्हा सुटले. शेवटी त्यानं त्या अरुंद बाकावर सरळ मांडी घातली. रुचितानं हसू दाबलं आणि कागद पुढे घेतला.

तो वाजवत गेला. इथं सूर धरून ठेवता येत नव्हता. मारला की विझायला लागायचा. ते त्याला विचित्र वाटलं आणि थोड्या वेळानं आवडलं. संपल्यावर त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"काका, बरोबर आहे," रुचिता म्हणाली. "मला खरंच वाटत नाहीये, पण बरोबर आहे. फक्त ही एक जागा." तिनं कागदावर बोट ठेवलं. "तुम्ही इथे चार सूर वाजवता. इथे काहीच लिहिलेलं नाही. दोन्ही हात उचलून थांबायचं आहे, बराच वेळ."

"तिथं फोनची रेंज जाते न," परसराम म्हणाला. "दरखेपी तिथंच जाते."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. चार वर्षं रेंज बरोबर त्याच जागी जात होती, आणि तो ती जागा भरत होता.

"राहू द्या ना," रुचिता म्हणाली. "सुंदर आहेत ते सूर. कोणाला कळणार आहे?"

कोणालाच कळणार नव्हतं, हे खरंच होतं. ते चार सूर सगळ्या अंकात त्याचे सर्वांत लाडके होते, हेही खरं. तरी परसरामला फार वाईट वाटलं. ज्या माणसाचं आधीच कोणी ऐकून घेत नाही, त्याच्या बोलण्यात आपण चार वर्षं मधेच तोंड घालत होतो.

त्यानं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. ती जागा आली. शेवटचा सूर विझला आणि त्यानं दोन्ही हात वर घेतले. खोलीत पंख्याचा आवाज होता, बाहेर महामार्गावरून एक ट्रक गेला. बोटं शिवशिवत होती. पण हात खाली आले नाहीत.

सोफ्यावरून पंचफुला काळजीनं पुढे झुकली. "काहून थांबले जी?"

"थांबलो नाही," परसराम हळूच म्हणाला. "वाजवूनच राहिलो."