सातव्या बाईचे हातमोजे

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, दर दुसऱ्या शनिवारी तुझ्याकडे एवढे कोण लोक येतात?" मी म्हटलं, विद्यार्थी. तुम्ही हसलात, कारण मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. म्हणून नीट लिहून कळवते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता पीएच.डी.ची मार्गदर्शक आहे. धंदा करणारे लोक माणसांशी आणि गावाशी कसे वागतात, हा तिच्या सहा विद्यार्थ्यांचा विषय. प्रबंध ते लिहितात, पण चारचौघांत मांडायचा कसा, परिषदेला निबंध पाठवायचा कसा, हे कुणी शिकवत नाही. त्यासाठी ही बैठक. आमचा हॉल मोठा आणि माझं इंग्रजी अजून शाबूत, म्हणून ती माझ्याकडे. नियम माझे. आधी मराठीत सांगायचं, मग इंग्रजीत वाचायचं. पाच मिनिटांनी घड्याळ वाजलं की थांबायचं. तर्री-पोहे शेवटी.

त्या शनिवारी एका अबोल मुलीची पाळी होती. परदेशातल्या एका परिषदेत नवख्या संशोधकांसाठी दोन दिवसांचा वर्ग असतो. त्याकरता तिचा निबंध सोमवारी जायचा होता. (गाव आणि खुणा मी इथे बदलून लिहिते आहे. का, ते कळेलच.) तिनं सांगायला सुरुवात केली : नागपूर जिल्ह्यातलं मिरचीसाठी प्रसिद्ध असलेलं तालुक्याचं गाव. तिथे मिरचीचे देठ खुडणारी 'बाई क्रमांक सात'. डावखुरी, दाराशी बसते, काम करताना गाते. तिचं म्हणणं, हातांची आग आग होते. मालक हातमोजे देतो, पण बाहेरचे पाहुणे येणार त्या दिवशीच. त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली की मोजे परत गोळा.

"नावं सगळी गाळली आहेत," मुलगी म्हणाली. "गावाचंसुद्धा."

तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन आमच्या स्वयंपाकाच्या बाई दारात उभ्या.

"अवं पोरी, हे तं भिवापूर हाये! आन् ते डावखुरी माह्या जावेच्या शेजारची. लय गोड गाते."

मग एक विद्यार्थी म्हणाला, "घ्या! वर्षभराचं गुपित, पोहे यायच्या आत फुटलं." सगळे हसले. मार्गदर्शक बाई हसल्या नाहीत. "मालकाच्या हाती हे लागलं तर?"

"तो इंग्रजी कशाला वाचेल?" मुलीनं विचारलं.

"तो नाही वाचणार. त्याची लेक वाचन," स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या. "पुण्याले शिकून राहिली ते. मंग त्या बिचारीले उद्यापासून घरीच बसा लागन."

मुलीचा चेहरा उतरला. "मग हा भागच काढून टाकते."

"सांगितलेलं काढू नकोस," मी म्हटलं. "सांगणारी लपव. आणि परीक्षक या बाई राहतील, त्यांनी ओळखलं की नापास."

"मी? बाई, मी चौथी शिकलेली!"

"ओळखलं कुणी? आम्ही की तुम्ही?"

रविवारी सकाळी मुलगी नवा मजकूर घेऊन आली. गाव गेलं होतं, डावा हात गेला होता. बाई कणीक मळता मळता ऐकत होत्या. "नापास," त्या म्हणाल्या. "गाणं काहून ठेवलं? तिथं गाणारी तेच एक." मुलगी जेवणाच्या टेबलावर बसून पुन्हा लिहायला लागली. दुपारी मिरची नव्हती, दार नव्हतं, गाणंही नव्हतं.

बाईंनी या वेळी विचार केला, मग एकदम म्हणाल्या, "हे तं माही नणंद! कळमेश्वरले कारखान्यात जाते ना, तिथंबी पाहुने आले का मोजे निघते."

"पास!" मी म्हटलं. मुलगी मात्र हसता हसता वही उघडून नणंदेचं लिहून घेत होती.

सोमवारी सकाळच्या एसटीनं ती भिवापूरला गेली. जिचं बोलणं, तिला वाचून दाखवल्याशिवाय पाठवायचं नाही, असं तिनं स्वतःच ठरवलं होतं. दुपारी फोन आला.

"आजी, त्या रुसल्या."

"का गं?"

"म्हणतात, यात मी कुठं हाये? हात नाही, गाणं नाही. एवढ्या उन्हाची आली अन् मलेच पुसून टाकलं काय वं?"

"मग?"

"मालकाच्या मुलीचं सांगितलं. त्या देठ खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, बरं, माहं गाणं राहू दे बाजूले. मोजे तेवढे काढू नको."

निबंध संध्याकाळी गेला. मोजे त्यात आहेत.