डब्यातून आलेली उत्तरं

आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्याने गेल्या डिसेंबरात माझ्याशी तीन दिवस पत्रव्यवहार केला.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर (बी.ए., बी.एड.; दारावर पाटी आहे). माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं, पण चर्चमध्ये ऐकून ऐकून बायबलमधली कितीतरी वचनं त्यांना तोंडपाठ होती. माझ्या आठ वर्षांच्या रूथला मात्र एक ओळ पाठ होईना, आणि रविवारी संडे स्कूलची पाठांतर स्पर्धा! त्यात मी चर्चच्या पाळकसाहेबांना सांगून बसलेलो, "साहेब, काळजीच सोडा. खेळातून शिक्षण! बी.एड.ला शिकलोय मी."

वचन छोटंसं होतं: 'भिऊ नकोस, मी तुझ्याबरोबर आहे.' रोज त्याचा एक तुकडा लाल स्केचपेनने चिठ्ठीवर लिहायचा, घरात लपवायचा आणि रूथने तो शोधून पाठ करायचा. सोमवारी मी 'भिऊ नकोस' फळीवरच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं. रूथने पाच मिनिटं शोधलं आणि कार्टून लावलं.

मंगळवारी सकाळची शाळा आटोपून मी कात्रपच्या आमच्या फ्लॅटवर आलो. बायको सुनीता दवाखान्यात कामाला, रूथ शाळेत. इमारत नवी, खालचे दोन मजले अजून रिकामे. लिफ्ट आपोआप वर यायची, दार उघडायची आणि आतून कोणीच बाहेर पडायचं नाही. मी डबा उघडला. लाल चिठ्ठी गायब! तिच्या जागी दुसरी चिठ्ठी, पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात:

'कोण?'

मी सुनीताला फोन लावला. "डब्यात तू काही लिहिलंस?"

"डब्यात कोण लिहितं? इथे पेशंटची रांग लागलीय, ठेवा फोन!"

रूथचीच गंमत, असं ठरवून मी दुसरी चिठ्ठी चिकटवली: 'मी'.

बुधवारी उत्तर हजर: 'कुठे आहात?'

रूथने मला जन्मात कधी 'आहात' म्हटलेलं नाही. (जे कोणी होतं, ते वळण लागलेलं होतं!) पदवीधर माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तो फक्त सोफ्यावर पाय वर घेऊन बसतो. ती चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात कोंबली. पण रविवार जवळ आलेला, पद्धत अर्धवट सोडायची नाही! मी 'तुझ्याबरोबर' लिहिलं.

गुरुवारी दुपारी झाकण उघडलं.

'मग दिसत का नाही?'

तेवढ्यात बाहेर लिफ्टचं दार उघडलं. या वेळी कोणीतरी बाहेर पडलं. चपला घासत घासत आमच्या दारापाशी आल्या. थांबल्या. मी वचन म्हणायला घेतलं आणि 'भिऊ'च्या पुढे काही आठवेना!

बेल वाजली.

"मास्तर, हाव का घरात?"

वरच्या मजल्यावरच्या काकू! मूळच्या चामटोली गावच्या, वर्षापूर्वी काका गेले, तेव्हापासून एकट्या राहतात. त्यांनी मूठ उघडली. आत माझ्या तीन लाल चिठ्ठ्या.

"तुमच्याकडच्या डब्यातून येतात ह्या. आमचे हे अंबरनाथला कारखान्यात पाळीला, मी पहाटे शेतावर. भेट व्हायची नाय. मग हे डब्यात चिठ्ठी ठेवायचे. तीच सवय, मास्तर. म्हणून उत्तर लिहीत गेले."

माझ्या डोक्यात उजेड पडला. डबा फळीवर राहत नव्हताच! रिकामा डबा परत द्यायचा नाही, म्हणून सुनीता रोज सकाळी त्यात काहीतरी भरून वर पाठवायची आणि दुपारपर्यंत काकू त्यात काहीतरी भरून, त्यांच्याकडे ठेवलेल्या आमच्या किल्लीने दार उघडून तो परत फळीवर ठेवायच्या. इथे राहायला आल्यापासून हे चाललेलं. घरात एकट्या बी.एड.ला पत्ता नव्हता.

"काकू," मी मान खाली घालून म्हणालो, "अक्षर माझं आहे. रूथच्या पाठांतरासाठी."

त्यांनी एक चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून पाहिली.

"वाटलंच मला. ह्यांचं अक्षर एवढं बरं नव्हतं." मग चिठ्ठ्यांकडे बघत म्हणाल्या, "पण तीन दिवस घरात कोणी असल्यासारखं वाटलं. पुढं काय लिहिणार होतात?"

मी 'आहे' लिहून दिलं. चारही चिठ्ठ्या तळहातावर ओळीने लावून त्यांनी दोनदा वाचल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या. मला दुसरं काही सुचेना. म्हणालो, "रविवारी चर्चला या ना, काकू."

रविवारी रूथ पुढे उभी राहिली. "भिऊ..." ती थांबली. मग सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, पुढचं मला सापडलंच नाही!"

"सर, तुम्हीच मदत करा," पाळकसाहेब हसून म्हणाले.

मी उठलो. डोकं कोरं. पण खिशात चिठ्ठी लागली! देवाचे आभार मानून ती काढली आणि खणखणीत आवाजात वाचली:

"कुठे आहात?"

"इथंच, पुढच्या बाकावर!" एक आजोबा दचकून ओरडले.

हशा उसळला. तो ओसरत असतानाच मागच्या बाकावर काकू उभ्या राहिल्या. पदराची गाठ मुठीत धरून, एकही शब्द न चुकता म्हणाल्या, "भिऊ नकोस, मी तुझ्याबरोबर आहे."

माझ्या अंगावर काटा आला. या वेळी भीतीने नाही.

दहा वर्षांखालच्या गटाच्या बक्षिसाची रंगपेटी त्या वर्षी अडुसष्ट वर्षांच्या काकूंना मिळाली. (त्यांनी ती रूथला दिली.) आणि सोमवारी दुपारी सवयीने मी डब्याचं झाकण उघडलं, तर आत थरथरत्या अक्षरात चिठ्ठी होती:

'मास्तर, पाठ झालं का?'

उत्तर अजून दिलेलं नाही. अभ्यास चालू आहे.