उन्हात बघून घेतलेला टॅब

फुलाबाई कोळेकर सावलीत जनावर घेत नाही. सांगोल्याच्या बाजारात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. व्यापारी मेंढा धुऊन-पुसून, शिंगांना हळद फासून लिंबाखाली उभा करतो आणि फुलाबाई लांबूनच सांगते, त्याला उनात काढा. मग त्याला चालवायचा, ओठ वर करून दात बघायचे, कमरेवर अंगठा दाबायचा आणि शेवटी टॉवेलाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचा. भाव तोंडाने बोलायचा नाही. समोरच्याची बोटं धरायची, दाबायची, सोडायची. नवरा वारला त्या साली ती पहिल्यांदा टॉवेलाखाली हात घालायला पुढे झाली, तेव्हा बाप्ये लाजून मागे सरले होते. आता बारा वर्षांनी तेच बाप्ये तिच्या पकडीला भितात.

अशा बाईला भर मे महिन्यात, दुपारी एक वाजता, सोलापुरात सात रस्त्यावरच्या एका गारेगार काचेच्या दुकानात आणून उभं केलं होतं तिच्या भाचीने, सुकन्याने.

सुकन्याची जूनपासून दहावी. सकाळी शाळा, दुपारी आत्याबरोबर मेंढरं, कारण आत्याचे गुडघे गेलेले आणि चाळीस मेंढरांमागे एकटीने धावणं होईना. दहावीचे जादा तास मात्र दुपारीच. सर ते रेकॉर्ड करून शाळेच्या ॲपवर टाकत, पण घरातला एकुलता एक मोठा मोबाईल सुकन्याच्या बापाकडे, आणि बाप अकलूजला ट्रॅक्टरवर. म्हणून बापाने, जोतिरामने, तोड काढली होती की मेंढरं विकू आणि पोरगी हॉस्टेलला ठेवू. त्यावर फुलाबाई म्हणाली होती, मेंढरंबी ऱ्हातील आन् धावीबी हुईल, त्याचं यंत्र मी आणते. तिने एक मेंढा विकला, नऊ हजार आले. पुन्हा विकायला तसला दुसरा मेंढा नव्हता. माळावर चालेल असा टॅब मिळाला तर बरं, नाही तर जूनच्या आत कळप बाजारात.

दुकानातल्या पोराचं नाव विरेश. केस तेल पाजल्यासारखे चापून बसवलेले आणि तोंड पट्टा चढवलेल्या गिरणीसारखं सुरू. "बघा की मॅडम, डिस्प्ले ना एकदम प्रीमियम, कडा ना एकदम स्लिम, कॅमेरा ना एकदम क्लिअर." सुकन्याने अकरा 'एकदम' मोजले. घरी आईला हे सगळं करून दाखवायचं म्हणून प्रत्येक 'ना'ला तो मान कशी तिरकी करतो, तेही तिने टिपून ठेवलं.

फुलाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उनात काढा."

विरेशला आधी कळेना. कळल्यावर त्याने सांगितलं की माल बाहेर न्यायला परवानगी नाही, आणि आत काय कमी उजेड आहे का, सांगालोय की मावशी.

"माळावर तुमची टूबलाईट यील काय?" फुलाबाई म्हणाली. तिने सुकन्याला दंडाला धरून काउंटरला टेकवलं. "ही पोरगी ठिवते हितं. माज्याकडं हिच्यापरीस किमतीचं कायबी न्हाय. आनलं की सोडा हिला."

विरेशच्या गिरणीचा पट्टा पहिल्यांदा घसरला. आतल्या टेबलावरून मालकांनी मान हलवून 'जाऊ दे' केलं आणि सुकन्या तारण म्हणून काचेआड उभी राहिली. बाहेर फुटपाथवर आत्याने टॅब हातभर लांब धरला, उजवीकडे फिरवला, डावीकडे फिरवला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने एका रिक्षावाल्याला खाली उतरवला. मोठ्या मिशांचा गडी. तो टॅबकडे बघून मिशीवरून हात फिरवायला लागला, तेव्हाच सुकन्याने ओळखलं.

आत येऊन फुलाबाईने टॅब काउंटरवर ठेवला. "ह्यात त्याच्या मिशा दिसत्यात, अक्षर न्हाय."

दुसरा टॅब साधा, किंमत साडेसात हजार. त्याच्यावर सुकन्याने काढून दिलेला दहावीचा धडा रिक्षावाला उन्हात घडाघडा वाचत सुटला. वाचता वाचता त्याला धडाही आवडला असावा, कारण आत्याने टॅब ओढून घेतला तरी तो मान वाकडी करून वाचतच होता. फुलाबाई खुशीत आत आली, टॅबच्या पाठीवर अंगठा दाबला (विरेशने डोळे मिटले) आणि विचारलं, वय काय ह्याचं?

चार वर्षांपूर्वीचं मॉडेल, म्हणून स्वस्त, असं विरेश म्हणाला. फुलाबाईचं तोंड उजळलं. चार वर्षं म्हणजे ऐन भरातलं जनावर. लहानपणचे रोग निघून गेलेले, पाय माळाला मुरलेले. जे मरायचं ते पहिल्या दोन वर्षांत मरतं. तिने कमरेची पिशवी सोडायला घेतली.

सुकन्याने तोवर टॅब हातात घेऊन त्याच्यावर शाळेचं ॲप चढवायला सुरुवात केली होती. गोल चक्र फिरलं, फिरलं आणि खाली ओळ आली की हे ॲप या टॅबवर चालणार नाही. तिने विरेशकडे पाहिलं. तो स्टेपलरकडे बघत होता. जनावराच्या वयाबाबत आत्याचा शब्द खोडणारा माणूस तिने अजून पाहिला नव्हता. गावातले म्हातारे खोडत नाहीत, बाप तर ताईसमोर बसतसुद्धा नाही. आणि खोडायचं तर इथे, परक्यांच्या देखत. पिशवीची दुसरी गाठ सुटली.

"आत्या, नको," सुकन्या म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाली. "ह्याचं वय मेंढरासारखं न्हाय. हे पयल्या दिवशीच भरात असतं, मग नुसतं उतरत जातं. सरांचं ॲप चढंना ह्याच्यावर."

फुलाबाईने तिच्याकडे पाहिलं. मेंढ्याचा ओठ वर करताना बघते तसं, जवळून.

"तू सोता बगितलं?"

"सोता बगितलं."

फुलाबाईने दोन्ही गाठी परत मारल्या. "बाळा," ती विरेशला म्हणाली, "तरनं दाव. आन् तो मिशीवाला गेला का बग."

तिसरा टॅब यंदाचा, राखाडी, जाडजूड, दिसायला अगदी ठोंब्या. यावेळी आधी सुकन्याने बघितला. ॲप चढलं, सरांचा आवाज खणखणीत आला, आणि मग तो उन्हात गेला. रिक्षावाल्याने डोळे बारीक केले, पण वाचलं. पाऊण तास झाला तरी तो गेला नव्हता, त्याचंही आता त्यात काहीतरी अडकलं होतं.

किंमत नऊ हजार आठशे. भिंतीवर पाटी, 'एकच भाव'. फुलाबाईने काउंटरवरचं काच पुसायचं पिवळं फडकं उचललं, आपल्या हातावर पसरलं आणि हात विरेशपुढे धरला. विरेशला वाटलं बाईंचा हात खराब झाला, त्याने सॅनिटायझरची बाटली पुढे केली.

तेव्हा आतले मालक उठले. गुरुबसप्पा, मूळचे मैंदर्गीचे, बाप बैलांचा व्यापारी. चाळीस वर्षांत त्यांनी कापडाखाली हात घातला नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, विरेशला कोपराने बाजूला केलं आणि फडक्याखाली हात घातला.

फुलाबाई पंख्याकडे बघत होती. गुरुबसप्पा 'एकच भाव'कडे बघत होते. मध्ये फडकं उंदीर शिरल्यासारखं हलत होतं. एकदा ते "अय्यो" म्हणाले. एकदा फुलाबाईने हात काढूनच घेतला, ते हसले, तिने परत घातला. शेवटी त्यांनी फडकं उचललं आणि विरेशला बिल करायला सांगितलं, वर कव्हर घाल म्हणाले.

"काय आकडा लिहू, मालक?"

त्यांनी त्याच्या कानात सांगितलं. बाजाराचा कायदा तो कायदा. पिशवीत दोघींच्या एसटीचं भाडं उरलं, एवढं खरं.

स्टँडवर पोचताच फुलाबाईने बटनाचा फोन काढला आणि अकलूजला लावला. सुकन्या खोका पोटाशी धरून शेजारी बसली. आत्या आता सौद्याची बढाई मारणार, मालकांना कसं वाकवलं ते सांगणार, असं तिला वाटलं.

"जोत्या," फुलाबाई अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "कळप ऱ्हायला. यंत्र घावलं. आन् ऐक, मी चुकीचं घेत हुते. तुज्या पोरीनं भर दुकानात, चार मानसांत, माजा हात धरला. मला. बगितलं, पारखलं, आन् तोंडावर सांगितलं."

फलाटावरचे लोक वळून बघायला लागले. सुकन्याने मान खाली घातली, मग तिची तीच वर आली. तिकडून जोतिरामने दोनदा विचारलं, कोण चुकलं? ताई चुकली हे ताईच्याच तोंडून ऐकून त्याचा कानावर विश्वास बसला नसावा.

"ऐकतूयास न्हवं?" फुलाबाई म्हणाली. "थांब, पुन्यांदा सांगते."

आणि तिने पहिल्यापासून सुरू केलं.