कन्यादानाचं पाणी

ह्यांच्या वर्षश्राद्धाचं जेवण उरकलंय, भटजी गेलेत आणि मी मधल्या खोलीत चटई टाकून आडवी झालेय. सून, मृणाल, आत भांडी घासतेय. तो आवाज हळूहळू लांब जातो. डोळा लागतो न लागतो, तोच पायाशी हे बसलेले दिसतात.

"दमलीस?" हे विचारतात.

"तुम्हाला काय त्याचं?" जन्मात असं उलट बोलले नव्हते. पण मेलेल्या माणसाला कसलं घाबरायचं!

गाव ह्यांना कर्मयोगी म्हणायचा. सरकारी दवाखान्यात ज्यांचं कुणी नाही, त्यांना हे रोज जाऊन भरवायचे. डबा अर्थात मी करायचे. घरी आले की तळहातावर पळीभर पाणी घेऊन ताम्हनात सोडायचे आणि म्हणायचे, "श्रीकृष्णार्पणमस्तु." म्हणजे जे केलं ते देवाला दिलं, आपला त्यावर हक्क नाही. आज जेवताना सगळे म्हणत होते, असा माणूस पुन्हा होणे नाही. नकोच व्हायला, मी मनात म्हटलं आणि त्यांना खीर वाढली.

मी उठून बसते, तर खाली चटई नाही, दवाखान्यातली लोखंडी खाट आहे. फिनाईलचा वास येतोय. माझी पिशवी काढली, तेव्हाची ही खाट. हे मला चमच्याने पेज भरवतायत.

"घ्या बाई, अजून एक घास."

"बाई काय? कुमुद आहे मी."

"सवय गं," हे म्हणतात. चेहरा शांत. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीलाही ह्याच चेहऱ्याने भरवायचे.

"तेव्हा माझं सगळं केलंत, कशात कमी नाही केलंत," मी म्हणते. "आणि घरी आल्यावर त्याचंही पाणी सोडलंत. मी अंथरुणातून बघत होते."

"सगळ्याचंच सोडायचं असतं."

खाटेखालची फरशी ओली होत जाते. बघते तर आमच्या लग्नाचा मांडव. माझे अप्पा झारी धरून ह्यांच्या हातावर पाणी सोडतायत आणि ढसाढसा रडतायत. पाणी ह्यांच्या ओंजळीत साठतंय.

"हे तरी ठेवलंत का?" मी विचारते. "अप्पांनी मला दिलं ते ह्या पाण्याबरोबर. की मलाही सोडलंत?"

खोटं बोलणं जमायचंच नाही ह्यांना, अजूनही जमत नाही.

"पहिल्याच दिवशी," हे म्हणतात. "नाहीतर तुझ्याकडे काही ना काही मागत राहिलो असतो."

"मग मागायचं होतंत! भाजी अळणी झाली म्हणून ताट तरी सरकवायचंत एखाद्या दिवशी. मी वाट बघायचे हो. मला देवाला देऊन मोकळे झालात, आणि त्या देवाने माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही."

अप्पा दिसत नाहीत. मांडवही नाही. आता खाटेवर हे आहेत आणि डबा माझ्या हातात. आजूबाजूला कुणी नातेवाईक नाही.

"कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही."

"मी आले नसते तर?"

"दुसरं कुणी आलं असतं," हे अगदी मायेने म्हणतात. "नसतं आलं तरी चाललं असतं."

माझा संताप संताप होतो. डबा भिरकावून देते आणि ह्यांचं मनगट पकडते.

"सोड, कुमुद. आता तरी सोड."

"नाही सोडणार. मला फळ पाहिजे!"

हे हात ओढूनसुद्धा घेत नाहीत. तेवढंही केलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. मी आणखी जोराने आवळते.

"आई, चहा." मृणाल कप घेऊन उभी आहे. खिडकीतून उन्हाची तिरीप आलीय. "अहो, हाताला काय झालं?"

मी खाली बघते. माझ्या उजव्या हाताने माझंच डावं मनगट धरलंय. बोटं एकेक करून सोडवावी लागतात. खाली नखांच्या खुणा उमटल्यात, एका ठिकाणी रक्त आलंय.

मृणाल हळद आणायला धावते. मी खुणांवरून बोट फिरवते, चांगलंच झोंबतं. जन्मात पहिल्यांदा इतकं घट्ट धरलं, आणि धरलं कुणाला, तर मलाच.